शिडावरची तीट

आम्ही नागपूरचे. समुद्राशी आमचा संबंध एवढाच, की शाळेच्या सहलीत एकदा पाहिला आणि माझी एक चप्पल त्याला देऊन आले. त्यामुळे अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलला घर घेतल्यावर शेजारी एक डॅनिश चित्रकार राहतात आणि ते आयुष्यभर फक्त बोटींचीच चित्रं काढत आलेत, हे कळलं तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. नवऱ्याला वाटलं. तो पुण्याचा. त्यानं त्याच संध्याकाळी जेवताना डेन्मार्कचा इतिहास, भूगोल आणि लोण्याचं उत्पादन मला सविस्तर ऐकवलं. शेजारच्यांना जाऊन नुसतं 'हाय' म्हणायला मात्र त्यानं पुढची दोन वर्षं घेतली.

खरी ओळख झाली ती आईच्या मुगवड्यांमुळे.

आई मे महिन्यात नागपूरहून आली. ती शाळेत गणित शिकवायची. रिटायर होऊन कैक वर्षं झाली, पण नजर अजून पेपर तपासणाऱ्या बाईंचीच. इथल्या उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड असतो, हे पाहून ती पहिल्याच आठवड्यात अस्वस्थ झाली. "बाप्पा! एवढं ऊन नुसतं फुकट चाललंय," असं म्हणून तिनं मूग भिजत घातले. मी म्हटलं, आई, इथं ड्राइव्हवेवर काही वाळत घालत नाहीत, सोसायटीचा मेल येतो. ती म्हणाली, "येऊ दे की. वाचता येतं ना तुला?" आणि दुसऱ्या दिवशी माझी चांगली पांढरी चादर ड्राइव्हवेवर पसरून तिच्यावर वड्यांच्या रांगा लागल्या. रांगा म्हणजे अगदी सरळ. तिथंही भूमिती.

बॉथेलचे कावळे चांगले खाऊनपिऊन सुखी आहेत, पण त्यांनी मुगवडी कधी पाहिली नव्हती. मी वर मीटिंगमध्ये, आई वामकुक्षीला. खिडकीतून बघते तर शेजारचे आजोबा हातात लांब काठी घेऊन आमच्या ड्राइव्हवेवर उभे, कावळ्यांना डॅनिशमध्ये काहीतरी सुनावताहेत. उंच, थोडे वाकलेले, अ‍ॅप्रनवर रंगांचे डाग. काठी चित्रकाराची होती. बारीक काम करताना थरथरता हात तिच्यावर टेकवायचा असतो. त्या काठीला उतारवयात हे नवं काम लागलं.

आई उठून बाहेर आली तेव्हा त्यांनी विचारलं, हे काय आहे? आईनं एक वाळलेली वडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती कच्चीच कडाकडा चावली, विचार केला आणि म्हणाले, "छान आहे. मीठ कमी आहे." माझ्या आईला तिच्या स्वयंपाकाबद्दल असं सांगणारा माणूस मी तरी जिवंत पाहिलेला नव्हता. तिनं एक वडी तोंडात टाकली. चावली. मग म्हणाली, "खरंय." झालं! त्या दिवसापासून दोस्ती.

रोज दुपारी आमच्या वड्या बाहेर पडायच्या, आणि शेजारच्या गॅरेजचं दार वर जायचं. आजोबा आत ईझलसमोर, आई त्यांच्या दारात फोल्डिंगच्या खुर्चीवर, आणि नजर दोघांचीही चादरीवर. आईचं इंग्रजी सावकाश, शुद्ध, पूर्णविरामासकट. त्यांचंही इंग्रजी मूळचं नव्हतंच. त्यामुळे दोघांचं छान जमायचं. मध्ये मी गेले की गडबड व्हायची, कारण मी भराभर बोलते. आई त्यांना 'पेंटरबाबू' म्हणायची. आणि ते आईला म्हणायचे 'आई'. मी खिडकीतून दहा वेळा "आई, चहा!" ओरडते, ते त्यांनी ऐकलेलं. ऐंशी पार केलेला माणूस सत्तरीतल्या बाईला 'आई' म्हणतोय! ती मला घरात येऊन म्हणायची, "सांग ना गं त्यांना. मी काय त्यांची आई आहे का! लोक काय म्हणतील?" मी विचारलं, कोणते लोक? इथं ऐकायला फक्त कावळे. पण तिला ते शेवटपर्यंत खटकायचं.

तर या बैठकांत आईनं त्यांचं सगळं आयुष्य काढून घेतलं आणि रात्री पोळ्या लाटताना हप्त्याहप्त्यानं आम्हाला सांगितलं.

डेन्मार्कमधल्या एका लहानशा बेटावर जन्म. पंधराव्या वर्षी मालवाहू बोटीवर बटाटे सोलायला लागले. उरलेल्या रंगात त्यांनी एका खोक्याच्या झाकणावर त्याच बोटीचं चित्र काढलं आणि कप्तानाला दाखवलं. कप्तानानं एकेका दोरावरून बोट फिरवलं आणि झाकण परत दिलं. "हा दोर तू काढलास तिथं असता, तर आपण केव्हाच बुडालो असतो." पोरानं खरवडून पुन्हा काढलं, तेव्हा कप्तानानं ते घेतलं आणि बदल्यात बुटांचा जोड दिला. ते म्हणायचे, बोटीच्या चित्राची परीक्षा अशीच असते. आकाश कसंही चालतं. पण शीड फुगलंय एकीकडे आणि झेंडा उडतोय दुसरीकडे, असं दिसलं की कप्तान चित्र भिंतीला लावत नाही.

मग कोपनहेगनला जाऊन चित्रकला शिकायचा प्रयत्न केला. तिथले मास्तर म्हणाले, बोटी काड्यापेटीवर शोभतात. हे परत समुद्रावर. एकदा त्यांची बोट दुरुस्तीसाठी सिअ‍ॅटलला थांबली, तेवढ्यात बेकरीतल्या एका मुलीवर जीव जडला, बोट दुरुस्त होऊन निघून गेली आणि हे इथंच राहिले. इथं माझ्या नवऱ्यानं पोळी खाली ठेवून विचारलं, "आणि व्हिसा?" आमच्या ओळखीतल्या कुठल्याही घरात प्रेमकथा इथंच येऊन अडते.

पुढची सगळी वर्षं त्यांनी अलास्काला मासेमारीला जाणाऱ्या बोटी रंगवल्या. प्रत्येक मालकाला आपलीच बोट हवी, आणि वादळात हवी, पण बोटीचा रंग मात्र नवा दिसला पाहिजे. ती चित्रं लोकांच्या दिवाणखान्यांत, दातांच्या दवाखान्यांत आणि माशांच्या हॉटेलांत लागली. अर्ध्या शहरानं त्यांच्या चित्राखाली बसून मासे खाल्ले असतील, पण नाव कुणालाच माहीत नाही. एक चित्र कुठल्याशा संग्रहालयात आहे. बाथरूमच्या वाटेवर. त्याचा त्यांना फार अभिमान होता. "इतर चित्रं ज्याला हवी तो बघतो. माझ्या चित्रापुढून सगळ्यांना जावंच लागतं!"

आईनं त्यांना विचारलं होतं, "तुमच्या एवढ्या बोटी, पण एकीवरही माणूस का नाही? चालवतं कोण?" ते म्हणाले, "माणूस काढला की मालक विचारतो, हा कोण? मी कुठाय?" आईला हे एकदम पटलं. शाळेच्या ग्रुप फोटोचा तिलाही अनुभव होता.

आता ईझलवर जे चित्र होतं, ते मात्र कुणी सांगून काढलेलं नव्हतं. तीन डोलकाठ्यांची, पांढऱ्या शिडांची बोट. त्यांचे वडील तिच्यावर होते. आजोबा लहान असताना ती नवी रंगवून, नवी शिडं लावून निघाली, तेव्हा सगळं गाव धक्क्यावर बघायला आलं होतं. दुसऱ्या बंदरात पोचली की तार यायची आणि बंदराच्या कचेरीबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचे, 'पोचली'. हे आणि त्यांची आई रोज फळा बघायला जायचे. तो शब्द त्या फळ्यावर आलाच नाही.

बोटीचा फोटो कुठं नाही. तिला पाहिलेलं, आठवणारं माणूस आता जगात हे एकटेच. म्हातारपणी त्यांनी ठरवलं होतं की ही एक बोट बिनचूक काढायची, सही करायची आणि मग ब्रश धुऊन ठेवायचे. आणि ते काही केल्या होत नव्हतं. दुपारी म्हणायचे, झालं. आई चहा घेऊन जायची, तोवर चाकूनं अर्धे दोर खरवडलेले. पहिले पाढे पंचावन्न! कधी मधल्या डोलकाठीचा दोर चुकला, कधी शिडाचा कोपरा. "बरोबर आहे की नाही हे सांगू शकेल असा एकच माणूस," ते म्हणाले, "आणि तो समुद्राच्या तळाशी आहे."

मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टर. लोकांच्या कामात खोड काढण्याचा मला पगार मिळतो. मी त्यांना मोठ्या शहाणपणानं सांगितलं की आमच्याकडेही कुठलंच काम शंभर टक्के बरोबर नसतं, एका तारखेला ते सोडून द्यायचं असतं. ते म्हणाले, "म्हणून माझा फोन रोज बंद पडतो." आईनं तर निकालच देऊन टाकला. "सुंभ जळेल, पीळ काही जायचा नाही यांचा."

तारीख मात्र खरोखरच आली. त्यांचा हात दिवसेंदिवस जास्त थरथरायला लागला, एकदा जिन्यात पडले, आणि डोंगरांपलीकडे स्पोकॅनला राहणाऱ्या त्यांच्या लेकीनं ठरवलं की आता पुरे. सप्टेंबर संपता संपता त्यांना तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात हलवायचं. घराला गिऱ्हाईक मिळालं. आणि त्या वृद्धाश्रमात टर्पेंटाइन, तैलरंग काहीही चालत नाही. वास येतो आणि आगीची भीती. म्हणजे जे व्हायचं ते जाण्याआधी, या गॅरेजमध्ये. नाहीतर बोट तशीच अर्धी खरवडलेली राहणार.

"तिथं समुद्रपण नाही," ते आईला म्हणाले. एवढ्या खालच्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

आई म्हणाली, "आमच्या नागपूरलाही नाही. आम्ही मेलो का?"

ते हसले. पण त्या दिवशी त्यांनी काठी उचलली नाही. कावळ्यांनी बऱ्याच वड्या नेल्या आणि आईनं त्यांना एका शब्दानंही बोल लावला नाही. यावरून मला कळलं, की तिलाही लागलंय. रात्री ती मला म्हणाली, "एवढं मनात आहे माणसाच्या, तर होऊ दे गं बाई ते चित्र. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं चाललीत नुसती."

जायच्या आदल्या शनिवारी दुपारी त्यांनी आम्हाला बोलावलं. आई इस्त्रीची साडी नेसून, डोळ्यांत काजळ घालून निघाली. काजळ तिचं घरचं, चांदीच्या डबीतलं. बाबा गेल्यावर कुणीतरी बाई म्हणाली होती, आता कशाला हे, तेव्हापासून तर ती जास्तच ठसठशीत घालते. मी पोह्यांचा डबा घेतला, चमचे नवऱ्याकडे. नवऱ्यानं जाताना मला तीन डोलकाठ्यांच्या बोटींचे प्रकार सांगायला सुरुवात केली होती, ती मी थांबवली.

गॅरेजमध्ये शिरलो आणि चित्रासमोर उभे राहिलो. मला समुद्रातलं काही कळत नाही, पण ती बोट निघाली होती हे कळत होतं. सकाळचं ऊन शिडांवर, आणि शिडं इतकी पांढरी, की बघवत नव्हतं. खालचं पाणी हिरवं, गार. नवऱ्यानं डोलकाठ्यासुद्धा मोजल्या नाहीत. आजोबा खुर्चीत बसलेले, हातात बारीक ब्रश आणि मांडीवर तो चाकू. सही अजून नव्हतीच. त्यांची नजर मधल्या डोलकाठीकडे गेली. ती नजर मला आता ओळखू यायला लागली होती. त्यांनी चाकू हातात घेतला.

आई पुढं झाली. चित्राच्या अगदी जवळ जाऊन तिनं ते वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय सुंदर केलंय हो," ती मराठीतच म्हणाली, "दृष्ट लागेल." आणि मला काही कळायच्या आत तिनं करंगळी डोळ्याच्या कडेला लावली, काजळ घेतलं आणि सगळ्यात मोठ्या पांढऱ्या शिडाच्या कोपऱ्यात, ओल्या रंगावर, टेकवली.

"आई!" मी किंचाळले. नवऱ्याच्या हातातून पोह्यांचा चमचा पडला.

महिनोन् महिने जपलेल्या त्या शिडावर हरभऱ्याएवढा काळा ठिपका. आई स्वतःच दचकली. तिला वाटलं असावं, रंग वाळलाय. करंगळीला पांढरा रंग लागलेला बघून तिचा चेहरा पडला. "अगं बाई," ती पुटपुटली, "बाळाला लावतो तशी लावली गं मी, हातानं आपोआपच..."

आजोबा उठून उभे राहिले. चाकू हातातच. ठिपका पाहिला, मग आईकडे पाहिलं. "का?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरंच कळून घ्यायला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तरी मी सांगितलं. आमच्याकडे लहान मूल फार गोड दिसायला लागलं, की आई त्याला काळी तीट लावते. कपाळावर, गालावर, नाहीतर कानामागं. जिथं काहीच खोट नाही तिथं लोकांची नजर ठरते, आणि मग त्याला काहीतरी होतं, असं मानतात. म्हणून एक खोट आपणच मुद्दाम ठेवायची. ज्याच्यावर फार जीव असतो त्यालाच लावतात, हेही मी सांगितलं.

"बोटीलापण?"

आईला आता धीर आला होता. आपल्या पूर्णविरामांच्या इंग्रजीत ती म्हणाली, "आम्ही ट्रकला लिंबू-मिरची बांधतो. नव्या घराला काळी बाहुली टांगतो. बोट काय वेगळी आहे?"

त्यांनी वाकून ठिपका जवळून पाहिला. मग म्हणाले, "त्या दिवशी सगळं गाव आलं होतं. सगळे म्हणत होते, किती सुंदर, किती सुंदर. एकानंही असं काही केलं नाही." आणि आईकडे वळून, जरा रागावल्यासारखं करत त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठं होतात तेव्हा?"

"मी?" आई म्हणाली. "मी तेव्हा जन्मायची होते."

ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी अ‍ॅप्रनच्या रंग लागलेल्या कोपऱ्यानं पुसलं आणि नाकाला निळा पट्टा ओढून घेतला. चाकू त्यांनी बाकावर ठेवला. काठी कॅनव्हासवर टेकवली, तिच्यावर हात टेकवला, आणि खालच्या कोपऱ्यात सही केली. एकेक अक्षर, सावकाश. ठिपक्याला हात लावला नाही. "मधला दोर अजून चुकलेलाच आहे, बरं का," ते मला म्हणाले. मी म्हटलं, "राहू दे. आमच्या ऑफिसात याला 'माहीत असलेली चूक' म्हणतात. माहीत असली की चालते."

नंतर त्यांनी पोहे खाल्ले. मीठ बरोबर आहे म्हणाले.

जायच्या दिवशी सकाळी लेक भाड्याचा ट्रक घेऊन आली. चित्र गुंडाळायला काही मिळेना, म्हणून आईनं वड्यांची चादर दिली. माझी चादर, पण मला कुणी विचारलं नाही. सामान चढलं, गॅरेजचं दार खाली आलं. मी इंग्रजीत जे बोलतात ते सगळं बोलले, टचमध्ये राहू, फोटो पाठवा वगैरे. आई एका बाजूला वड्यांची पिशवी घेऊन उभी होती. या खेपेस मीठ बरोबर पडलेल्या.

आजोबा तिच्यापुढं आले. एवढा उंच माणूस, कमरेत वाकला, डोकं तिच्या खांद्याएवढं खाली आणलं आणि कानामागं बोट ठेवलं.

"आई," ते म्हणाले. "मलापण."

मी तिच्याकडे पाहिलं. लोक काय म्हणतील, मी काय त्यांची आई आहे का, यातलं एक अक्षर तिच्या तोंडून आलं नाही. तिनं करंगळीला काजळ घेतलं आणि त्या पिकल्या केसांच्या मागं, कानाच्या पाळीखाली, छानपैकी गोल तीट लावली. मग डोक्यावरून हात फिरवला आणि सरळ मराठीत म्हणाली, "नीट जा. पोचल्यावर फोन कर हो."

त्यांना ते काय कळणार? ते माझ्याकडे बघायला लागले. मी इंग्रजीत सांगितलं, "पोचलात की कळवा, म्हणतेय." ते परत आईकडे वळले. मग मान हलवली आणि ट्रकमध्ये चढले.

दिवसभर आई घरात या खोलीतून त्या खोलीत. स्पोकॅन किती लांब आहे, मध्ये घाट लागतो का, लेक बरी चालवते का. नवऱ्यानं तिला नकाशा काढून दाखवला, तर म्हणाली, "नकाशा नको, फोन कुठाय ते सांग." दुपारी ती झोपली नाही. फोन मांडीवर घेऊन बसून राहिली.

संध्याकाळी तो वाजला. तिनं दोन्ही हातांनी धरून कानाला लावला. मी लांब उभी होते, तरी मला त्यांचा आवाज ऐकू आला, मोठा, जसं काही ते अजून गॅरेजच्या दारातूनच बोलताहेत.

"आई? मी पोचलो."

ती नुसती मान हलवत राहिली, जणू त्यांना ती दिसणार होती. मग फोन खाली ठेवला आणि डोळे पुसले.

"पोचला गं," ती मला म्हणाली, आणि कुकर लावायला उठली.